ओकादाबाईंचं ‘हाय’

मंजुश्रीनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि नमस्कारचमत्कार न करताच जपानीत विचारलं, “बारा वेळा वाचून दाखवलं तुम्हाला. बाराही वेळा तुम्ही ‘हाय, हाय’ म्हणालात. का?”

पडद्यावर ओकादाबाईंची हलती मान थांबली.

उदगीरला दुपारचे तीन, तिकडं निगाताला दिवेलागण. दर मंगळवारचा हा तास दोघींचा. अर्धा तास जपानी, अर्धा तास मराठी. मंजुश्रीला नर्सिंगच्या शिक्षणावर जपानात वृद्धांच्या शुश्रूषेचं काम हवं होतं. ओकादाबाईंची सून पुण्याची. विहीणबाईंशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून सत्तरीतली ही बाई बाराखडी गिरवत होती. ‘लई’ नि ‘न्हाई’ तिनं मंजुश्रीकडूनच उचललेलं. ते ऐकून सून म्हणे जेवता जेवता ठसका लागेस्तोवर हसायची.

आज मंजुश्रीला हसू येत नव्हतं. काल लातूरला मुलाखत झाली होती. ‘म्हाताऱ्या माणसांना मी प्रेमानं घास भरवीन’, एवढंच तिला म्हणायचं होतं. घासाला तिनं फोनमधून ‘एसा’ हा शब्द वेचला, जात्यावरच्या गाण्यासारखा घोळवला, घोकला. एसा म्हणजे जनावराचं खाणं. ‘म्हाताऱ्यांना मी प्रेमानं चारा घालीन’, असं ती समोरच्या तिघांना ताठ मानेनं सांगून आली. एकानं पेन खाली ठेवलं. एकीनं ओठांवर रुमाल धरला. पुढं कुणी काही विचारलंच नाही.

आणि या बाईनं ते मुलाखतीआधी बारा वेळा ऐकलं होतं, दर वेळी ‘हाय’, म्हणजे जपानीत ‘हो’, म्हणत. उदगिरात हाय म्हणजे हाय. रांजणात पाणी हाय का? हाय. दुकानात पितळी तांब्या हाय का? हाय. एकदा हाय म्हटलं की वस्तू जागेवर असते, डोळे मिटून हात घालावा.

ओकादाबाईंनी वही ओढली, पानं चाळली. मग एकेक अक्षर ताटात वाढावं तसं मराठीत म्हणाल्या,

“माझं हाय... हाय न्हाई. मी ऐकून राहिले.”

पुढचं त्या जपानीत बोलल्या. आमच्याकडं समोरचा बोलत असला की असं म्हणत राहायचं, म्हणजे त्याला कळतं आपलं लक्ष आहे. तू इतक्या आनंदानं वाचत होतीस, मधेच तोडायला जीव झाला नाही. चूक माझी. त्या इतक्या वाकल्या, की पडद्यावर नुसता पांढरा भांग उरला.

“पण मग चुकलं तर सांगायचं कुणी?” मंजुश्री म्हणाली. मराठीचा अर्धा तास तसाच ठेवून तिनं फोन बंद केला.

लातूरच्या त्या तिघांनी तरीही सोमवारी पुन्हा एकदा बोलावलं होतं, शेवटचं. त्यात निभावलं तर मार्चमध्ये विमान.

ती खाली भांड्यांच्या दुकानात उतरली. आई गेल्यापासून या घरात दोघंच, ती आणि अप्पा. गुरुपादप्पा तांब्याची घागर मांडीवर घेऊन पुसत बसले होते.

“अप्पा, सोमवारी परत बोलावलंय लातूरला. जमलं तर मार्चात जायचं. पाच वर्षं.”

“हाव.”

वर्षभर हेच हाव. लातूरला क्लास लावू का? हाव. पासपोर्ट काढू का? हाव. तुम्ही राहाल ना एकटे? हाव. त्या एकेका हाववर पाय देत ती इथवर आली होती.

ती माघारी वळली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि तिथंच उभी राहिली. मग उतरली. गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून अप्पांच्या समोर बसली.

“अप्पा, तुमचं हाव... हाव हाय का?”

गुरुपादप्पांचा हात थांबला नाही. घागर केव्हाच लखलखीत झाली होती. तिच्या पोटावर बापलेकीचे चेहरे वाकडेतिकडे हलत होते.

“ऐकून राहिलो न्हवं का, माय,” ते म्हणाले.