टिटवीमागची खुर्ची

टिटवी टेबलावर ठेवली, आणि तिनं खुशाल नाक वर करून शेपटीवर बैठक मारली.

सुचेतानं कपाळाला हात लावला. विमानाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरायचं असतं, तेच ती साफ विसरली होती. आणि प्रतिकृतींचं प्रदर्शन उद्यावर आलेलं.

“ह्याचं ढुंगण जड झालंय की गं,” तिचे सासरे आप्पाजी खुर्चीतून म्हणाले.

“सुनेवर गेलंय,” सुचेता म्हणाली. तिची दहावीतली लेक, शाल्मली, हसून हसून लोळायची बाकी राहिली.

टिटवी नावाचं विमान जगात कुठंच नव्हतं. जागेवरून सरळ वर उठणारं, उलट्या पंखांचं हे प्रायोगिक विमान सुचेताच्या डोक्यातलं. औषधांच्या बाटल्या, टूथब्रशच्या दांड्या, मिळेल ते कापून तिनं त्याची प्रतिकृती बनशंकरीतल्या दोन खोल्यांत बसून बांधली होती. बसून, कारण बाहेर पडायची सोयच नव्हती. दार उघडं दिसलं की आप्पाजी चालू लागत आणि परतीची वाट विसरत. गर्दीत नेलं तर घाबरून ओरडत. म्हणून दाराला आतून कुलूप आणि किल्ली सुचेताच्या गळ्यात.

उद्या मात्र नवरा, पुरुषोत्तम, घरी थांबणार होता. प्रदर्शनात ज्याचं विमान तो त्याच्यामागे खुर्ची टाकून दिवसभर बसतो, येईल त्याच्याशी गप्पा मारतो. सुचेताला त्या खुर्चीत बसायचं होतं, बस्स. साडीसुद्धा इस्त्री करून तयार होती.

तिनं टिटवीच्या पोटाला भोक पाडलं, नाकाकडे नट कोंबले, लांबी भरून घासली, पुन्हा नारिंगी रंग मारला. टिटवी तिन्ही चाकांवर शहाण्यासारखी उभी राहिली.

रविवारी सकाळी पुरुषोत्तम बूट घालताना दिसला.

“आनेकलच्या प्लांटात मशीन बंद पडलंय. जावंच लागतंय.”

“आज?”

“पुढच्या वर्षी जा की. विमान काय पळून जातंय?”

गळ्यातल्या किल्लीनं सुचेतानं त्याला दार उघडून दिलं आणि पुन्हा लावलं.

मग तिनं टिटवी कापूस घातलेल्या खोक्यात ठेवून शाल्मलीच्या हातात दिली.

“मी काय सांगू लोकांना, आई?”

“सांग, हिला धावपट्टी लागत नाही.”

शाल्मली गेल्यावर पुन्हा कुलूप.

“इमान कुठं गेलं?” आप्पाजींनी विचारलं.

“चाचणीला.”

“सरी,” आप्पाजींनी कानडीत होकार भरला. “मग आपण स्वल्प चहा घेऊ.”

दुपारी शाल्मलीनं फोटो पाठवला. ओळीनं विमानं, त्यांच्यामागे ओळीनं माणसं. टिटवीमागची खुर्ची तेवढी रिकामी. तिच्यावर शाल्मलीची ओढणी पसरलेली, आणि शाल्मली स्वतः बाजूला उभी. खाली लिहिलं होतं, ‘एक काका दोनदा खुर्ची मागायला आले. दिली नाही.’

‘अगं, मग तू तरी बस. पाय दुखतील,’ सुचेतानं लिहिलं.

‘नाही.’

संध्याकाळपर्यंत फोटो येत राहिले. खुर्ची तशीच होती.