कुजबुजता होकार

शेळी दचकून आडवी पडते तेव्हा तिचे पाय काठीसारखे ताठ होतात, पण कान आवाजाच्या दिशेनं वळलेलाच राहतो. डोळे उघडे असतात. ती बेशुद्ध झालेली नसते. दचकून आवळलेले स्नायू चटकन सैल होत नाहीत, एवढंच. जन्मजात खोड असते ती.

डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. हे त्यांनी थोरल्या भावाला कितीदा तरी समजावलं होतं. पण दादाच्या मते त्याच्या शेळ्यांना घेरी येत होती, आणि तीही माणसांच्या मोठ्यानं बोलण्यामुळे. झालं, घरात कुजबुज सुरू झाली. कुकर माळ्यावर गेला, दारांना फडकी बांधली गेली. वहिनी उशीत तोंड खुपसून शिंकू लागली आणि दादावर डाफरायचं असलं की त्याचा कान धरून जवळ ओढू लागली.

अशा घरात मागणी घालायला यावं कुणी, तर भोंगे दुरुस्त करणाऱ्यानं! भोंग्यांत डोकं घालून घालून त्याचे कान पार निकामी झाले होते. बाई त्याला कित्येक वर्षं होकार देत होत्या, पण कुजबुजत. तो दर वेळी "बरं, सावकाश विचार करून सांगा" म्हणून निघून जाई. त्याला ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच तर बाईंना तो होकार जमत होता.

आज तो टेम्पोत सामान भरूनच आला.

"दुकान दुसऱ्या गावी हलवतोय!" तो दारातून गरजला. "येणार का माझ्याबरोबर?"

गोठ्यात धपाधप आवाज झाले. दादा चवड्यांवर धावत आला.

"बघ, पडल्या," तो कुजबुजला. "शेळ्यांनासुद्धा हा पसंत नाही."

"दादा, काही होत नाही त्यांना. उठतील आत्ता. म्हाताऱ्या शेळ्या तर पडू नये म्हणून आधीच भिंतीला टेकून उभ्या राहतात."

"मग त्याच्याशी हळू बोल."

"इतकी वर्षं हळूच बोलतेय ना!"

वहिनीनं दादाचा कान पकडला. "अहो, सोडा तिला. माझा जन्म गेला पुटपुटण्यात."

"काय? नाही म्हणालात?" भोंगेवाल्याचा चेहरा उतरला. "बरं. हरकत नाही."

तो टेम्पोत जाऊन बसला. इंजिन घरघरलं. दादानं बहिणीकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

बाई पायरी उतरल्या. आपला आवाज कसा आहे, हे त्यांनाच नीट आठवत नव्हतं.

"थांबा!" त्या घसा फाडून ओरडल्या. "हो! येतेय मी तुमच्याबरोबर!"