मुंगीताईंचा एकविसावा दिवस

सुई टोचली तर मुंगी चावल्याइतकंच दुखायचं, म्हणून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळे त्यांना मुंगीताई म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना शीर सापडली नाही असं एकदाही झालं नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीबाबत तर त्या फारच कडक. स्त्रीबीज बाहेर पडलं की शरीर हे हॉर्मोन बनवायला लागतं आणि पाळीच्या एकविसाव्या दिवशी ते रक्तात भरपूर दिसतं. विसाव्या दिवशी आलेल्या बाईला त्या "उद्या या" म्हणून दारातूनच परत पाठवत, मग ती दोन बस बदलून आलेली असो की खुद्द लॅबच्या साहेबांची बायको असो.

अशा या बाईंनी धाकट्या भावाच्या बायकोचं रक्त तीनदा, बरोबर एकविसाव्या दिवशी काढलं, आणि तिन्ही वेळा आकडा एकाच्या आतच आला. बीज तयारच होत नाही, म्हणून मूल राहत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. पुढच्या पाळीपासून त्यासाठीच्या गोळ्या सुरू करायचं ठरलं.

भावजय लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याने गाडी थेट खांबावर नेली तरी तिचा आवाज चढत नसे. पण तिसऱ्या रिपोर्टनंतर ती मिटल्यासारखी झाली. घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं, तेच तिला जास्त लागत होतं. तिची मावशी कुठल्याशा कंदाच्या अर्काचं मलम घेऊन आली. डबीवर 'नैसर्गिक हॉर्मोन' असं ठळक छापलेलं. मुंगीताईंनी डबी बारकाईने वाचली आणि परत केली. कंदापासून हे हॉर्मोन बनवतात खरं, पण कारखान्यात. कंद पोटावर चोळला म्हणून शरीर ते बनवत नाही, असं त्यांनी सुनावलं. तुम्ही एवढ्या शहाण्या, मग तुम्हीच काढा तोडगा, असं म्हणून मावशी फणकाऱ्याने निघून गेली.

तोडगा निघाला तो गाडीत. पन्नाशीला टेकल्यावर मुंगीताईंनी गाडी शिकायला घेतली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट जमत नव्हती. त्या शनिवारी क्लच सोडताना गाडी चार वेळा बंद पडली. भावजयीने शांतपणे गाडी कडेला घ्यायला लावली आणि पुढच्या धड्याची वेळ बघा म्हणून स्वतःची डायरी त्यांच्या हातात दिली. मधल्या काही तारखांवर लाल ठिपके होते. हे काय, असं त्यांनी विचारलं. पाळीचा पहिला दिवस, ती म्हणाली. त्या दिवशी कंबर धरते, म्हणून सकाळचे धडे ठेवत नाही. मुंगीताईंनी सवयीने दिवस मोजले. पस्तीस. छत्तीस. पस्तीस. त्यांनी पानं उलटून पुन्हा मोजले.

"तुझी पाळी पस्तीस दिवसांनी येते?"

"कायमच. का?"

"डॉक्टरांना सांगितलं होतंस?"

"त्यांनी नियमित आहे का विचारलं. मी म्हटलं, अगदी नियमित. खोटं होतं का ते?"

खोटं नव्हतंच. एकविसावा दिवस हा अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा हिशेब. खरा नियम असा, की पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी रक्त घ्यायचं, म्हणजे हिचं अठ्ठाविसाव्या दिवशी. एकविसाव्या दिवशी हिचं बीज जेमतेम बाहेर पडत असणार, मग हॉर्मोन दिसणार कुठून? मुंगीताई हे शिकलेल्या होत्या. पण फॉर्मवर 'दिवस २१' असा रकाना छापून आला आणि तेव्हापासून पाळी किती दिवसांची हे कुणी विचारेनासं झालं, त्यांनीही नाही. डॉक्टरांना अजून एक तपासणी हवी आहे, एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "सुई तीनदा बरोबर टोचली आणि दिवस तीनदा चुकीचा धरला. आज तुझा पंचविसावा. मंगळवारच्या ऐवजी बुधवारी चालणार नाही, मंगळवारीच ये."

भावजय समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. "दोन वर्षं मी स्वतःला दोष देतेय, ताई. पुन्हा आकडा कमी आला तर मी काय करू?"

"तसं होणार नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण या वेळी प्रश्न तरी बरोबर विचारलेला असेल."

त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. नवा रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या नकोत, असं डॉक्टर म्हणाल्या. लॅबमध्ये मुंगीताईंनी फॉर्मचा अख्खा गठ्ठा पुढ्यात ओढला, प्रत्येकावरचा रकाना खोडला आणि वर 'पाळी किती दिवसांची?' असं लिहिलं. कालच छापून आलेत हो, असं साहेब कुरकुरले. नंतर मुंगीताईंनी जुनी रजिस्टरं काढली आणि कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी करायला घेतली.

मंगळवारी भावजय आली. खुर्चीत बसून तिने बाही वर केली.

आकडा आला तेरा. तीनच्या वर गेला की बीज बाहेर पडलं असं धरतात. मुंगीताई कागद घेऊन भर दुपारी गाडी शिकवायच्या मैदानावर गेल्या. भावजय दोन धड्यांच्या मधे गाडीतच बसली होती. तिने आकडा वाचला आणि तिला रडू फुटलं. मुंगीताई शेजारच्या सीटवर बसून राहिल्या. त्यांनाही फार वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं.

"म्हणजे माझं सगळं बरोबर चाललं होतं?"

"सगळं. आम्हीच आठवडाभर आधी येऊन बघत होतो."

भावजयीने डोळे पुसले आणि एकदम डायरी उघडली. तिचा नवरा लांबच्या पुलाच्या कामावर होता, महिन्यातून चार दिवस घरी यायचा. ते चार दिवसही दोघांनी, बीज बाहेर पडायचे दिवस म्हणून, त्याच अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने मागून घेतले होते, दोन वर्षं, न चुकता. तिने बोटाने तारखा मोजल्या आणि तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"पुढच्या खेपेपासून सुटी आठवडाभर उशिरा घे. कारण घरी आलास की सांगेन. आत्ता एवढंच ऐक, माझ्यात काही कमी नाही."

त्याला नीट ऐकू आलं होतं. तरी तिने ते पुन्हा एकदा सांगितलं.