सातव्या खुर्चीची लव

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टाचणीने सातव्या खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, ही उठलीय."

टाचणी चार वर्षं तीन महिन्यांची आहे. नाव मामाने ठेवलेलं; अंगाने बारीक आणि मांडीवर बसली की कोपर टोचणारच, म्हणून. तिचे बाबा खुर्च्या आणि सोफे मढवतात. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. खिडकीशी कापायचं टेबल, भिंतीला फोमची चवड, आणि त्या सकाळी मधल्या जागेत नाट्यगृहाच्या बारा खुर्च्या, सहा-सहाच्या दोन रांगांत, गडद जांभळी मखमल चढवलेल्या. अकराच्या आत त्या पोचवायच्या होत्या. बारा पसंत पडल्या तर उरलेल्या दीडशे खुर्च्यांचं काम बाबांना मिळणार होतं, म्हणजे वर्षभराचं काम.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती निजते, दुसऱ्या बाजूने फिरवला तर हाताला अडते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. नाहीतर दिव्याखाली एखादी खुर्ची इतरांपेक्षा काळपट दिसते. शनिवारी दुपारी कापडाच्या टोकाला विणीतला दोष निघाला. तो टाळून शेवटची बैठक सरळ निघत नव्हती, उलटी निघत होती. बाबांनी ती उलटी कापली. कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. खुर्ची मागच्या रांगेत पहिली, दाराआडच्या सावलीत लावली. पुढून मोजत आलं तर सातवी.

"उठलीय म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं.

"त्या झोपल्यात. ही उठलीय."

हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते.

महिन्यापूर्वी बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. मुलगी बोलत नाही, आकडे तीनच्या पुढे जात नाहीत, लक्ष नसतं, घरी थोडं करून घ्या. आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. सांगितलेलं काम ती त्याच दिवशी करते. संध्याकाळपर्यंत भिंतीवर आकड्यांचा तक्ता लागला. तिसऱ्या दिवशी टाचणीने तक्त्याकडे पाठ केली ती केलीच.

मग बाबांनी तिला टेबलाखाली चिंध्यांचं खोकं दिलं. त्यामागे काही थोर विचार नव्हता. हात मोकळे हवे होते. डोळे मिटून चिंधी ओळखायची आणि तिच्या ढिगात टाकायची, हा खेळही तासभर शांतता मिळावी म्हणून काढलेला. पण काम करताना मोठ्याने बोलायची त्यांना सवय. "आता माप. आता खडू. आता कात्री, सावकाश." काही बिघडलं तर, "चुकलं. उपसा." कापड लाकडाला ठोकलेल्या पिना उपसायचं एक चपटं हत्यार असतं, घरात त्याला उपसणी म्हणतात. चुकलं की उपसणी घ्यायची. रागावणं नाही, रडणं नाही. रेक्झिनची चिंधी कॅनव्हासच्या ढिगात गेली तर टाचणीलाही तोच नियम.

बाबांनी तिला दाराकडे तोंड करून उभं केलं आणि खुर्च्यांची अदलाबदल केली. सातवी तिसऱ्या जागी गेली. टाचणी डोळे मिटून, एकेका बैठकीवर तळवा टेकवत निघाली. "झोपली. झोपली." तिसरीपाशी थांबली. "उठली."

पुन्हा बदल केला. या वेळी अकरावी जागा. तिचा हात अकरावीवरच थांबला.

"आणि ही," परत येताना एका खुर्चीवर हात ठेवून ती म्हणाली, "ही वाकडी झोपलीय."

"नाही गं. ती सरळ आहे."

"वाकडी."

मूळ रांगेतली ती चौथी खुर्ची. बाबांनी हात फिरवला, काही जाणवलं नाही. डोळे मिटून फिरवला, तरी नाही. शेवटी लांब पट्टी लावली आणि खाली वाकून कापडाची वीण पाहिली. कापड पुढच्या कडेला बोटभरही नाही, अर्ध्या बोटाने तिरपं कापलेलं होतं. ही चूक त्यांना ठाऊक नव्हती. बावीस वर्षं मखमलीवर फिरलेल्या हाताला जे कळलं नाही, ते या तळव्याला कळलं होतं, आणि त्या तळव्यावर अजून सकाळच्या दुधाचा चिकटपणा होता. बाबा पट्टी हातात धरून तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. त्यांनी तिचा हात उलटा करून पाहिला. लहान मुलाच्या हातात असतं तेवढंच त्यात होतं.

"बाबा, ती उठलेली. ती का तशी?"

"चुकून," बाबा म्हणाले.

टाचणी टेबलाकडे गेली, खालच्या खणातून उपसणी काढली आणि दोन्ही हातांनी धरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

साडेआठला मामा टेम्पो घेऊन आला. दारातूनच ओरडला, "दाजी, माल तयार का? का अजून नटवताय?" मग त्याने उपसणी पाहिली. "हे काय?"

बाबांनी सांगितलं.

मामाने सातवी खुर्ची बाहेर उजेडात नेली, चारही बाजूंनी पाहिली, परत आणली. "मला घंटा काही दिसत नाही. अहो, लोक तिथे नाटक बघायला येतात, खुर्ची कुरवाळायला नाही."

"हिला कळलं."

"हिला आकडे येत नाहीत, दाजी! हिचं ऐकून तुम्ही दीडशे खुर्च्यांवर पाणी सोडणार?" तो खाली बसला. "काय गं टाचणे, मामाच्या पोटावर पाय देतेस? किती खुर्च्या आहेत सांग बघू."

टाचणीने खुर्च्यांकडे पाहिलं. "खूप. आणि दोन."

मामाला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मघाशी मी चुकून म्हटलं ना? चुकून नव्हतं. मला माहीत होतं. कापड कमी पडलं, म्हणून मी मुद्दाम उलटी केली."

टाचणीने याचा बराच वेळ विचार केला. उपसणी तिने खाली ठेवली नाही.

"मग पण उपसायचं?" तिने विचारलं. मुद्दाम केलेल्याला नियम लागतो की नाही, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मग पण," बाबा म्हणाले. "तेच आधी."

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. दहा खुर्च्या पाठवतो, दोन चुकल्यात, त्यातली एक मी जाणूनबुजून चुकवली, कापड आलं की दोन्ही नव्याने करून देतो, असं सांगितलं.

"दिसलं असतं का हो ते?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"दिव्याखाली कदाचित. दुसरीचं, नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"घरात कळलं होतं."

"दहा पाठवा. बाकीचं बघून सांगतो," व्यवस्थापक म्हणाले.

मामाने दहा खुर्च्या चढवल्या. तोंडाने पुटपुट चालूच होती, पण प्रत्येक खुर्ची उचलण्याआधी तो बैठकीवरून हळूच हात फिरवत होता. शेवटची चढवून झाल्यावर तळवा पँटला पुसत म्हणाला, "साल्या सगळ्या सारख्याच लागतात."

पावणेदहाला आईचा फोन आला. बाबांनी सगळं सांगितलं, शनिवारपासूनचं. उलट्या कापलेल्या बैठकीबद्दल ती संध्याकाळी बोलेल, असं म्हणाली. मग विचारलं, "हे सगळं ती बोलली? टाचणी?"

"हो."

"किती शब्द?"

"मोजले नाहीत."

"मोजायचे ना रे," आई म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला.

सव्वाअकरापर्यंत दहा खुर्च्या नाट्यगृहात लागल्याचं मामाने कळवलं. व्यवस्थापक त्यांच्यासमोर उभे आहेत, अधूनमधून वाकून हात लावतात, बोलत काही नाहीत, असंही सांगितलं.

घरी सातवी खुर्ची टेबलावर उलटी ठेवलेली होती. टाचणी स्टुलावर उभी होती. उपसणीच्या मुठीवर तिचे दोन्ही हात, त्यावर बाबांचा एक. निघालेली प्रत्येक पिन ती टेबलाच्या कडेला मांडत होती, तीन-तीनच्या ओळीत. तिला मोजता येत होतं तिथपर्यंत जायचं, थांबायचं आणि खाली नवी ओळ सुरू करायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी ओळी मोजल्या. नऊ.

बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत नाट्यगृहातून फोन आला नव्हता. बैठकीच्या एकोणचाळीस पिनांपैकी सत्तावीस निघाल्या होत्या.