गंगाबाईचा रुसवा

"जगात दुःख आहे. दुःखाला कारण आहे. आणि ते कारण दूर करता येतं," चांगो गुरुजींनी बोट वर करून सांगितलं. समोर सभा नव्हती. खाटेवर गळ्याला पट्टी लावलेली गंगाबाई होती आणि दारात तिची सून दीक्षा उभी होती. पण दोन माणसं दिसली की गुरुजींना माइकची गरज लागत नसे.

"केलं की दूर," दीक्षा म्हणाली. "मटाराच्या दाण्याएवढं होतं. डॉक्टरीणबाईंनी बशीत घालून दाखवलं."

गुरुजींनी बोट खाली घेतलं आणि चहात साखर कमी टाकायला सांगितली.

हायवेलगतच्या चौक गावच्या वाडीत गंगाबाईच्या आजाराला सगळ्यांनी आपापल्या परीने नावं ठेवली होती. एकेकाळी ही बाई विहारात वंदना सुरू करायची ती अशा आवाजात, की हायवेवरचे ढाबेवाले रेडिओ बारीक करीत. पुढे तिचं अंग दुखू लागलं. आधी गुडघे, मग कंबर, मग सगळंच. तहान भागेना, पोट साफ होईना, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. नंतर ती बोलायचीच थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं गॅस. नवस-बिवस सोडून ज्यांच्या पिढ्या झाल्या होत्या, त्यांनीही हळूच नजर लागल्याचं सुचवलं. रक्त तपासावं असं मात्र कोणाला सुचलं नाही.

तिच्या नवऱ्याने, सखारामने, स्वतः निदान केलं. रसायनीच्या कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळल्यामुळे कशात काय कमी पडलं की काय होतं, हे आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. हाडं दुखतात, म्हणजे हाडात चुना कमी. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध आणि मेडिकलमधल्या खडूसारख्या जाड्या गोळ्या. गोळी घशाखाली उतरेपर्यंत तो समोर उभा राहायचा. गंगाबाई आणखी गळून गेली. सखारामने गोळ्या वाढवल्या.

मग एका सकाळी चपला घालता घालता सखारामच गेला. हृदय थांबलं. वाडी जमली, बायका रडल्या, कपिल म्हणजे मुलगा तर कोसळलाच. गंगाबाईने मात्र सगळ्यांकडे बघून विचारलं, "चा झाला का?" पुण्यानुमोदनाच्या विधीत भंते बोलत असताना ती बसल्या बसल्या झोपली.

"काळीज दगडाचं हाय हिचं," वाडी म्हणाली.

दोन वर्षांनी पोटात कळा आल्या म्हणून पनवेलला नेलं, तेव्हा सोनोग्राफीत दगड खरोखरच सापडला. वाडीची फक्त जागा चुकली होती. तो मूत्रपिंडात होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मुतखडा, हाडांचं दुखणं आणि सुन्नपणा हे तिन्ही एकत्र बघून संशय आला. त्यांनी रक्तातलं कॅल्शियम मोजलं, मग आणखी एक तपासणी केली.

"गळ्यात मागच्या बाजूला चार दाणे असतात," त्यांनी दीक्षाला समजावलं. "रक्तात कॅल्शियम किती हवं, हे ते बघतात. यांचा एक दाणा बिघडलाय. रक्तात भरपूर असताना ओरडतोय, कमी आहे, हाडातून काढा. रक्तात मावेना आणि हाडात उरेना, असं झालंय. मन मरगळतं, विसरायला होतं, ते त्यामुळेच."

"आणि त्या गोळ्या?"

"द्यायला नको होत्या. दुधाने हा आजार होत नाही, पण गोळ्यांनी भर पडली. देणाऱ्याने काळजीपोटीच दिल्या असतील."

"हो," दीक्षा म्हणाली. "फारच काळजीपोटी."

ऑपरेशन झालं, दाणा निघाला. कॅल्शियम इतकं उतरलं की ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे त्याच जाड्या गोळ्या लिहून दिल्या. आता त्या बरोबर होत्या. द्यायला सखाराम नव्हता, एवढाच फरक.

टाके सुकले, पट्टी निघाली. महिन्याभराने गंगाबाईने स्वतः उठून भाकरी थापली. कपिलने दुसरी मागितली, तिसरी मागितली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्याच दुपारी वाळत घातलेले कपडे काढताना ती थांबली.

"दीक्षा, यांचा टॉवेल नाय गं दोरीवर."

दीक्षा घाबरून बाहेर आली. "आई, दादांना जाऊन दोन वर्षं..."

"ठाव हाय मला. मीच म्होरं बसलेली व्हती." गंगाबाई दोरीकडे बघत राहिली. "ठाव व्हतं. पण आत शिरलंच नव्हतं बघ."

त्यानंतर तिने सगळ्यांना एकच विचारायला सुरुवात केली. शेवटी शेवटी हे काय बोलायचे? तिला आठवत होतं ते पाण्यात डोकं बुडवून ऐकल्यासारखं. कपिलला बापाची फक्त शिफ्ट आठवत होती. चांगो गुरुजी म्हणाले, "सखाराम म्हणजे एक पर्व होतं," आणि पर्व संपेपर्यंत बोलले. त्यात सखारामचं एकही वाक्य नव्हतं.

म्हणून ती हायवेवर मोहियुद्दीनच्या पंक्चरच्या दुकानात गेली. सखाराम रोज संध्याकाळी तिथेच बसायचा.

मोहियुद्दीन एका टेंपोची ट्यूब टबातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. टेंपोवाला बाजूला उभा होता.

"भाई, हे माझ्याबद्दल काय बोलायचे?"

"जाऊ द्या वैनी. जुनी गोष्ट."

"मला नवी हाय."

मोहियुद्दीनने ट्यूब फिरवली. बुडबुडा सापडला, त्यावर बोट ठेवलं, आणि मग बोलला. "म्हणायचे, गंगा रुसलीय. का रुसलीय ते सांगत नाय. मला विचारायचे, तुझी झोहरा रुसते तवा तू काय करतोस? मी म्हटलं, माफी मागतो. म्हणाले, कशाची? मी म्हटलं, ते विचारलं तर आणखी रुसते."

टेंपोवाला हसला. गंगाबाईही किंचित हसली.

"मग त्यांनी सुरूच केलं. हितं बसून चूक आठवायची, घरी जाऊन माफी मागायची. रोज एक. तुमच्या भावाच्या लग्नाला ड्युटी सांगून आले नाय, त्याची. तुमची शेळी न विचारता विकली, त्याची. त्यांच्या आईच्या बाजूनं बोलले, ती तर तीनदा मागितली. मग चुका संपल्या. मी म्हटलं, न केलेल्यांची मागा. त्या पण मागितल्या."

गंगाबाईला ते दिसलं. खाटेच्या पायथ्याशी बसलेला माणूस. "चुकलं गं माझं." आणि ती भिंतीकडे वळतेय. रागाने नाही. त्या कुशीवर कंबर जरा कमी दुखायची, म्हणून.

"आणि शेवटी? जायच्या आदल्या दिशी?"

"आदल्या दिवशी म्हणाले, आज काय आठवत नाय रे. आज नुसताच जाऊन बसतो तिच्यापाशी."

मोहियुद्दीनने ठिगळ घासलं, लावलं, दाबून धरलं.

"मी रुसले नव्हते वो, भाई."

"आता कळतंय मला, वैनी."

"त्यास्नी नाय कळलं."

गंगाबाई मागे सरकली, जमिनीवर आडव्या पडलेल्या टायरवर बसली आणि रडली. वंदना म्हणायची त्या आवाजात रडली. ढाब्यातली माणसं हात न धुता बाहेर आली. दोन मोटारसायकली अपघात समजून थांबल्या. बाजारातून परतणारी वाडीतली कोंडी नावाची बाई डोक्यावरची पाटी सावरत पुढे झाली.

"कोण गेलं वो, चाचा?"

"सखाराम."

"आं? त्यांना तर दोन वर्सं झाली."

"हो," मोहियुद्दीन म्हणाला. "वैनींना आज कळलं."

कोंडीने पाटी खाली उतरवली आणि ती गंगाबाईच्या शेजारी उकिडवी बसली. वाहनं हॉर्न न देता वळसा घालून जात होती. टेंपोवाला डोक्यावरची टोपी काढून उभा होता. ठिगळ कधीच वाळलं होतं, ट्यूब तयार होती. त्याने बराच वेळ वाट पाहिली. रडणं जरा ओसरलं तसा तो वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"मावशी, जरा उठता का? तो टायर माझा हाय."