नारिंगी बोया

माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध मी कोर्टात साक्ष दिली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. बंदरावरच्या लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलंय. अमेरिकेतल्या आमच्या मेनच्या किनाऱ्यावर थंडीत लोकांना दुसरा उद्योग नसतो.

वेंडल माणूस वाईट नाही. पण बायको सोडून गेल्यापासून तो सकाळीच बाटली उघडायचा आणि तसाच शेवंडांचे पिंजरे ओढायला समुद्रात जायचा. सोबत पोरगी, लिआ. गेल्या सप्टेंबरात धुक्यात त्याने होडी खडकावर घातली. पोरगी वीस मिनिटं त्या बर्फासारख्या पाण्यात होती. दुसऱ्या होडीवाल्यांनी तिला बाहेर काढलं तेव्हा हा सुकाणूला टेकून झोपला होता. यावर आणखी काय बोलायचं?

लिआ माझ्याकडे राहायला आली. धक्क्यावर माझं आमिषाच्या मासळीचं दुकान आहे, त्याच्या माडीवर. दोनदा वेंडल पोलिसाला घेऊन आला आणि तिला घरी नेलं. कायद्याने पोर त्याची, मी कोण? दोन्ही वेळा ती चार दिवसांत परत आली. मग सोळा पूर्ण झाल्यावर तिने स्वतःच कोर्टात अर्ज केला, की मला आईबापांपासून मोकळं करा, माझं मी बघते.

"आत्या, मला त्याचा राग नाही गं," ती म्हणाली. "मला फक्त बुडायचं नाहीये."

एप्रिलमध्ये तारीख लागली. वेंडल दाढी करून, आमच्या वडिलांचा कोट घालून आला होता. मला वाटलं, आता हा तमाशा करणार. मी सगळं सांगितलं, धुकं, खडक, बाटली. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, "तुमची हरकत आहे का?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ती होडी माझ्यापेक्षा चांगली चालवते. हरकत नाही."

बस. सोळा वर्षांचं नातं कागदावर तेवढ्यात सुटलं. बाहेर पायऱ्यांवर लिआ रडली आणि मीही.

आता रंगांचं सांगते. आमच्याकडे प्रत्येक घराचा रंग ठरलेला. पिंजरा तळाला, वर दोराला तरंगता बोया, आणि बोयाच्या रंगावरून पिंजरा कुणाचा ते कळतं. होडीच्या छपरावरही एक बोया लावलेला असतो. आमच्या घराचा नारिंगी, मधे हिरवा पट्टा. आजोबांपासूनचा. लिआ शिकाऊ होती तेव्हा तिने आपल्या बोयांना तोच रंग लावला, वर फक्त एक पांढरं कडं. पण बंदराची रीत अशी, की जो वेगळा झाला त्याने रंग घरात ठेवून जायचा.

त्या रीतीची आठवण तिला मीच करून दिली. माझीच जीभ. घाई कसली होती मला?

परवान्यावर तिने निळा रंग लिहून दिला. मग तीन दिवस माझ्या शेडमध्ये बसून तिने एकेक बोया खरवडून निळा रंगवला. धक्क्यावरचा म्हातारा एल्डन दारातून डोकावून म्हणाला, "काय गं पोरी, आभाळ खाली आणतेस काय?" ती हसली नाही.

शेवटचे बोये वाळत टांगले होते तेव्हा वेंडलची गाडी आली. तो चक्क शुद्धीत होता. हातात आजोबांचा लाकडी बोया, होडीच्या छपरावरचा. गाडीत मागे त्याचे सगळे बोये, नुसते पांढरे.

"हे काय रे?" मी विचारलं.

"रंग घरात राहतो ना?" तो म्हणाला. "आता घर म्हणजे तीच. माझ्याकडे चार भिंती आहेत नुसत्या. परवान्यावरचं बदलून आलो सकाळी. नारिंगी तिला राहू दे."

लिआ दारात उभी होती. कोपरापर्यंत निळी. त्याने आधी तिचे हात पाहिले, मग वर टांगलेले बोये.

"बाबा, मी नोंदवून बसले," ती म्हणाली.

"बरं." त्याने मान हलवली. "निळा बरा. लांबून दिसतो."

लाकडी बोया त्याने माझ्या मिठाच्या पिंपावर ठेवला आणि गाडीकडे निघाला. मी मागे धावले. म्हटलं, "अरे बैलोबा, मग तू तरी परत नारिंगी लाव. बदलता येतं की."

"कुणासाठी, लोर्ना?" तो म्हणाला.

आणि गाडी सुरू करून निघून गेला.

मे महिन्यात पिंजरे पाण्यात पडले. माझ्या खिडकीतून अख्खं बंदर दिसतं. पलीकडच्या खडकापाशी लिआचे निळे बोये, अलीकडे वेंडलचे पांढरे. तो तिच्या बोयांच्या जवळ कधी जात नाही, पण धुकं असलं की ती धक्क्याला लागेपर्यंत आपली होडी बाहेर ठेवतो. तिला हे ठाऊक आहे. दोघं एकमेकांना हात करतात, शेजारी करतात तसा.

नारिंगी बोया पाण्यात कुठेच नाही. आजोबांचा तेवढा माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, आणि दोघांपैकी कुणीही अजून तो मागितलेला नाही.