एप्रिलची विकली, ऑगस्टची घेतली

आमची सून शिवांजली एकाच वेळी हळद विकते आणि हळद घेते, आणि घरातली एक पिशवीही जागची हलत नाही. याला वायदे म्हणतात, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचा सौदा आजच कागदावर करायचा; हे समजायला मला दोन महिने लागले. माझ्या बायकोने, साळूबाईने, समजून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. "एक तर इकावी, न्हाईतर घ्यावी. दोन्ही करणारं माणूस येडं तरी असतंय न्हाईतर लबाड तरी," असं तिने जाहीर केलं आणि सुनेला पाडव्याची मुदत दिली. पाडव्याला एक रुपयाचा तोटा दिसला, तरी हा धंदा बंद.

पोरीचा जीव त्या कामात होता. मेढ्याच्या डोंगरातून इथं नांदायला आली, नवरा पठाणकोटला पलटणीत, आणि हिने एकटीने सांगलीच्या बाजारात हिंडून हळद शिकून घेतली. माझी तिला पूर्ण फूस होती. सत्तावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून घरी आलोय. कामाचं माणूस मला लांबून ओळखू येतं.

"सोपं हाय आबा," ती सांगायची. "नवी हळद बाजारात आली की एप्रिलचा भाव दबणार, ऑगस्टचा तेवडा न्हाई. म्हणून एप्रिलची इकली, ऑगस्टची घेतली. भाव वर जाऊ दे न्हाईतर खाली, दोघांतलं अंतर वाढलं की झालं. एक सौदा मार खातोय तवा दुसरा त्याला सावरतोय."

मी मान डोलावली. न समजता मान डोलावणं ही माझी जुनी खोड आहे.

शिमग्याआधी एकदा ती हळदीचे लिलाव बघायला सांगलीला गेली आणि तिचा टॅब सोप्यात चालूच राहिला. मी चष्मा लावून बसलो. भाव वर चालले होते. ऑगस्टची खरेदी नफ्यात, हिरवी, एप्रिलची विक्री तोट्यात, लालभडक, आणि लाल आकडा मिनिटागणिक वाढत होता. पलटणीत आम्हाला एक गोष्ट रक्तात भिनवली होती, जखमी गडी आधी मागं आणायचा. मी लाल ओळीवर बोट ठेवलं, टॅबने विचारलेल्या प्रश्नांना 'होय, होय' केलं आणि तो सौदा बंद करून टाकला. मला इतका आनंद झाला की मी स्वतः चहा केला.

चहा संपेपर्यंत भाव फिरले. हिरवा आकडा उतरत शून्यावर आला आणि मग तोही लाल झाला. मी घाईघाईने फोन लावला.

"पोरी, तोट्यातला सौदा मी काडून टाकला. पर आता चांगला बी बिगडलाय बग."

पलीकडे लिलावाचा गलका चालू होता. ती हळूच म्हणाली, "आबा, भाव पडल्यावर त्योच आपल्याला सावरणार हुता."

पाडवा तीन आठवड्यांवर आणि पोरीचं काम मी माझ्या हाताने बुडवलेलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "माज्या फोनला हितं नेट न्हाई. तुमीच करा. एप्रिल. विक्री. एक लॉट, आदी हुता तेवडाच."

"आता भाव वर पायजे का खाली?"

"कुटं बी जाऊ दे आबा, आदी दाबा!"

मी दाबलं. "सौदा बसला," पलटणीतल्यासारखं खणखणीत म्हणालो, आणि ती भर बाजारात अशी खळखळून हसली की मलाही हसू फुटलं. संध्याकाळी येताना तिने माझ्यासाठी भडंग आणला. सासूला मात्र आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी रोज हात मागे बांधून टॅबपुढे बसलो. नवी हळद बाजारात आली, अंतर वाढत गेलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही सौदे एकदम बंद केले.

पाडव्याला गुढी उभारून झाली. साळूबाई पदराला हात पुसत सोप्यात येऊन बसली. "हं, सांग."

"फायदा हाय, आई. सहा हजार."

साळूबाईने भुवया उंचावल्या. "येवडंच? दोन महिने डोळं फोडून?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण पोरीची कमाई माझ्या चुकीने घटलेली आणि टोमणा तिला, हे माझ्याने बघवेना. मी उठून उभा राहिलो.

"पंधरा झालं असतं. मदी मी हात घातला," म्हणालो आणि चहासकट सगळं सांगून टाकलं.

साळूबाईच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि तोंडाला पदर लावूनही तिचं हसू आवरेना. हसता हसता तिने सुनेला जवळ ओढलं.

"पोरी, तुजं काम चालू ठेव. ह्यांनी हात लावून बी जे बुडलं न्हाई, ते लय पक्कं हाय."